दख्खनच्या दुष्काळांचा आणि पुरांचा साक्षेपी नोंदकार : मुहम्मद कासिम फरिश्ता

पनवेल आणि आसपासच्या गावांत गाढी नदीच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांना २६ जुलै २००५ हा दिवस वेगळा सांगावा लागत नाही. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, आपल्याच रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात दरडी कोसळून वाड्या गाडल्या गेल्या. आजही एखाद्या मुलाचे वय सांगताना वडीलधारी माणसे पुराच्या वर्षाचा हवाला देतात. वेधशाळेचा आकडा कागदावर राहतो आणि पाणी कुठवर आले होते हे घरातील माणसे भिंतीवर हात ठेवून दाखवतात. या दोन्ही नोंदी खऱ्याच. पण जेव्हा पर्जन्यमापक नव्हते, वेधशाळा नव्हत्या, तेव्हा अतिवृष्टी, महापूर आणि अवर्षण यांची आठवण समाजाने कशी जपली, हा प्रश्न इस्लामी इतिहासाच्या अभ्यासकाला फार जुना आणि फार जवळचा आहे.

मिसरमध्ये या प्रश्नाचे उत्तर दगडात कोरले गेले. कैरोजवळच्या रौदा बेटावर अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या काळात, इ.स. ८६१ मध्ये, नाईल नदीचे पाणी मोजण्याचा स्तंभ नव्याने उभारण्यात आला. खोल विहिरीसारख्या बांधकामाच्या मध्यभागी हातांच्या खुणा कोरलेला अष्टकोनी खांब, आणि सभोवतालच्या भिंतींवर पाऊस व पिकांविषयीच्या कुरआनच्या आयती, असे त्याचे स्वरूप. पाणी सोळा हातांपर्यंत चढले की शेते भिजणार, सारा वसूल होणार. त्याहून फार कमी राहिले की उपासमार ठरलेली. पुढे इब्न तगरीबिर्दी या इतिहासकाराने तर प्रत्येक वर्षाची हकिकत संपवताना त्या वर्षी नाईलचे पाणी किमान किती उतरले आणि कमाल किती चढले याची नोंद देण्याचा परिपाठ ठेवला. विसाव्या शतकात हेरॉल्ड हर्स्ट या इंग्रज जलतज्ज्ञाने याच शतकानुशतकांच्या आकड्यांवर आपले प्रसिद्ध गणित उभारले.

आपल्या दख्खनच्या नद्यांना असा स्तंभ लाभला नाही. इथल्या नद्या नाईलप्रमाणे ठरल्या महिन्यात संथपणे चढत नाहीत. त्या एका रात्रीत फुगतात आणि आठ दिवसांत ओसरतात. पाऊस येतो तेव्हा अतोनात, आणि येत नाही तेव्हा वर्षानुवर्षे येत नाही. अशा मुलुखातील पाण्याच्या आणि अवर्षणाच्या कथा एका फारसी ग्रंथात विखुरलेल्या सापडतात. तो ग्रंथ लिहिणारे गृहस्थ आपल्या महाराष्ट्रातच, अहमदनगरला वाढले. त्यांचे नाव मुहम्मद कासिम हिंदूशाह. जगाला ते फरिश्ता या नावाने माहीत आहेत.

फरिश्ता यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅस्पियन समुद्राच्या काठावरील अस्तराबाद या शहरी झाला. वडिलांचे नाव गुलाम अली हिंदूशाह. नावातील हिंदूशाह हा शब्द वाचून अनेकांचा गोंधळ होतो. ते कुटुंबाचे नाव होते, धर्माशी त्याचा संबंध नाही. फरिश्ता हे टोपणनाव. माणसाच्या खांद्यावर बसून त्याची बरी-वाईट कृत्ये लिहिणाऱ्या किरामन कातिबीन या फरिश्त्यांची आठवण इतिहासकाराने धारण केलेल्या या नावामुळे कोणालाही व्हावी. त्यांनी ते तेवढ्यासाठीच घेतले असे म्हणणे मात्र अतिशयोक्ती होईल.

त्या काळी इराण व मध्य आशियातील विद्वान, वैद्य, कवी आणि शिपाई समुद्रमार्गे दाभोळ, चौल, गोवा अशा बंदरांवर उतरत आणि घाट चढून दख्खनच्या दरबारांत आश्रय शोधत. फरिश्ता यांचे वडीलही मुलाला घेऊन अहमदनगरला आले. मुर्तझा निजामशाहाची तेव्हा कारकीर्द होती, आणि शाहजादा मीरान हुसेन याला फारसी शिकवण्याचे काम गुलाम अलींकडे आले. वडील लवकरच वारले. पण शाहजाद्याबरोबर एका गुरूपुढे बसून शिकलेल्या मुलाला दरबाराने सांभाळले. निजामशाहीची सत्ता तेव्हा घाटाखालीही होती. पनवेलजवळचा कर्नाळा किल्लाही त्याच निजामशाहीच्या ताब्यातला. गुजरातचे सुलतान, निजामशाह आणि पोर्तुगीज अशा तिघांच्या ओढाताणीनंतर तो अहमदनगरकडे आला होता. फरिश्ता ज्या राज्यात मोठे झाले, त्याची एक कड आपल्या दारापर्यंत पोहोचलेली होती.

अहमदनगर हे पाण्याविषयी जागरूक शहर. डोंगरपायथ्याच्या विहिरींतून खापरी नळांनी शहरात पाणी आणणाऱ्या नहरी निजामशाहांनी बांधल्या, आणि तलावाच्या मधोमध उभा असलेला फराहबाग महाल मुर्तझाच्याच काळात पुरा झाला. पण शेजारून वाहणारी सीना नदी लहान, उन्हाळ्यात जवळजवळ कोरडी. तिने एकदा काय केले, याची हकिकत फरिश्तांनी आपल्या ग्रंथात दिली आहे.

ही घटना फरिश्ता दख्खनमध्ये येण्याच्या आधीची, हुसेन निजामशाहाच्या काळातील, १५६२ च्या सुमाराची. विजापूर, गोवळकोंडा आणि विजयनगर यांच्या एकत्र फौजांनी अहमदनगरला वेढा घातला होता. विजयनगरच्या रामरायाचे सैन्य सीनेच्या काठी सखल जागी उतरले होते. डोंगरात मुसळधार पाऊस पडला, आणि रात्री पाणी असे अचानक चढले की झोपेतील माणसे, घोडे, हत्ती वाहून गेले. हानी एवढी मोठी होती की वेढा उठवावा लागला. जे काम तोफांना जमले नाही ते एका रात्रीच्या पाण्याने केले. ही नोंद युद्धाच्या वर्णनात आली असली, तरी पुराचा अभ्यास करणाऱ्याला हव्या असलेल्या बहुतेक गोष्टी तीत आहेत : नदीचे नाव, पाणी चढण्याची वेळ, पाऊस छावणीवर नव्हे तर वरच्या डोंगरात पडल्याचे कारण, आणि परिणाम. फक्त उंची नाही. माथेरानच्या डोंगरांकडून येणाऱ्या पाण्याने गाढी कशी फुगते, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पनवेलमध्ये काय होते, हे पाहिलेल्या माणसाला सीनेची ही कथा वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

तारुण्यात फरिश्तांच्या वाट्याला फार भयंकर प्रसंग आला. मुर्तझा निजामशाह राज्यकारभारातून अंग काढून एकांतात राहत असे, आणि दरबारात गट पडले होते. १५८८ मध्ये शाहजादा मीरान हुसेनने बापाविरुद्ध बंड केले. फरिश्ता तेव्हा सुलतानाच्या पहाऱ्यावर होते. बरोबरचे पहारेकरी पळून गेले किंवा बंडखोरांना मिळाले. मोजकी माणसे जागेवर राहिली, त्यांत हे होते. बंडखोर आत शिरले तेव्हा या सर्वांचा अंत ठरलेलाच होता. मीरान हुसेनने आपल्या जुन्या सहाध्यायीला ओळखले आणि त्याचा जीव वाचवला. त्याच माणसाने काही काळातच आपल्या बापाला हमामखान्यात कोंडून ठार केले. आणि वर्षभराच्या आत तोही मारला गेला. ज्याने आपला प्राण वाचवला तोच पितृहंता, अशा माणसाचा इतिहास लिहायची वेळ फरिश्तांवर आली. त्यांनी त्याचे उपकारही लपवले नाहीत आणि पापही लपवले नाही. पुढे अवर्षण आणि उपासमारीच्या नोंदी वाचताना त्यांच्या लेखणीचा हा कस ध्यानात ठेवावा.

अहमदनगरमधील रक्तपाताला कंटाळून फरिश्ता १५८९ मध्ये विजापूरला गेले. तिथे गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह हा तरुण सुलतान होता. संगीताचा जाणकार, अनेक भाषांचा रसिक. सुरुवातीची वर्षे फरिश्तांनी शिपाई म्हणूनच काढली. धाराशिवजवळ अहमदनगरच्या फौजेशी झालेल्या लढाईत ते जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले आणि सुटून परतले. काही वर्षांनी सुलतानाने त्यांना इतिहास लिहिण्यास सांगितले. हिंदुस्थानातील मुस्लिम राजवटींचा, आणि विशेषतः दख्खनचा, पुरेसा तपशीलवार सलग इतिहास हाताशी नव्हता. तो खोटेपणा आणि खुशामत टाळून लिहावा अशी सुलतानाची इच्छा होती, असे फरिश्ता प्रस्तावनेत नमूद करतात. दरबारी इतिहासकाराने धन्याच्या तोंडी घातलेली ही अपेक्षा शिष्टाचार समजून सोडून देता आली असती. ग्रंथातील दुष्काळांची प्रकरणे वाचली की ती निव्वळ शिष्टाचार नव्हती असे वाटू लागते.

हा ग्रंथ गुलशने इब्राहिमी या नावाने, आणि अधिक करून तारीखे फरिश्ता म्हणून ओळखला जातो. १६०६ मध्ये त्याची पहिली प्रत सुलतानाला सादर झाली, आणि नंतरही लेखक त्यात भर घालत राहिले. एक प्रस्तावना, बारा भाग आणि एक समारोप अशी त्याची रचना. गझनी आणि दिल्लीपासून दख्खन, गुजरात, माळवा, खानदेश, बंगाल, सिंध, काश्मीर, मलबार असा प्रवास करून बारावा भाग हिंदुस्थानातील सूफी संतांना दिला आहे, आणि समारोपात देशाच्या भूगोलाचे वर्णन आहे. आधारासाठी वापरलेल्या तीसहून अधिक ग्रंथांची यादी त्यांनी स्वतःच दिली आहे. यांतील काही ग्रंथ आज नष्ट झाले आहेत. त्यांतला मजकूर केवळ फरिश्तांच्या पानांतून आपल्यापर्यंत पोहोचला.

दख्खनच्या भागात अवर्षणाची पहिली मोठी नोंद बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशाह याच्या कारकिर्दीत येते. हा १३७८ ते १३९७ पर्यंत गुलबर्ग्याच्या गादीवर होता. त्याच्या काळात दख्खनमध्ये पाऊस पडला नाही आणि धान्य मिळेनासे झाले. सुलतानाने दहा हजार बैल सरकारी खर्चाने ठेवले. ते माळवा आणि गुजरातकडे सतत ये-जा करून धान्य आणत, आणि ते धान्य लोकांना स्वस्त दराने विकले जाई. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत अवर्षण पडले म्हणजे माळव्यात किंवा गुजरातेत ते पडलेच असेल असे नाही. एका प्रदेशाची तूट दुसऱ्याच्या साठ्यातून भरून काढता येते, हा हिशोब या योजनेमागे होता. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो सांगितला जातो, आणि जो १३९६ पासून बारा वर्षे चालला असे लोकपरंपरा मानते, तो याच सुलतानाच्या अखेरच्या दिवसांत सुरू झालेला. मराठी माणसाच्या स्मृतीत देवीचे नाव राहिले, आणि फारसी ग्रंथात बैलांची संख्या.

या सुलतानाविषयी फरिश्ता आणखी एक गोष्ट लिहितात, आणि ती दुष्काळापासून वेगळी काढता येत नाही. त्याने अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांना खर्चाची कायम तरतूद करून दिली. गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद यांच्या बरोबरीने चौल आणि दाभोळ ही कोकणातील दोन बंदरेही त्या यादीत आहेत. हदीस शिकवणाऱ्या विद्वानांना आणि अंधांना वेतने होती. दुष्काळ ओसरतो, पण त्याने पोरकी केलेली मुले वीस वर्षे मोठी होत राहतात. चौल हे आपल्याच जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात आहे; सहाशे वर्षांपूर्वी तिथे अनाथांसाठी मकतब चालत होता हे आपल्या मुलांना क्वचितच कोणी सांगत असेल.

याच सुलतानाच्या संदर्भात वादळाचीही एक हकिकत आहे. शिराझचा कवी हाफिज याला दख्खनमध्ये येण्याचे आमंत्रण गेले, प्रवासखर्चही गेला. वाटेत त्याने त्यातील पैसे गरजू मित्राला देऊन टाकले. दोन व्यापाऱ्यांनी त्याला होर्मुझपर्यंत आणले. सुलतानाने पाठवलेल्या जहाजावर तो चढलाही. नांगर उचलण्यापूर्वीच समुद्र खवळला, आणि काही निमित्त काढून हाफिज किनाऱ्यावर उतरला तो परत जहाजाकडे फिरकला नाही. एक गझल मात्र त्याने पाठवून दिली. वादळ एरवी कुठल्याही बंदराच्या दप्तरात उरले नसते. कवीच्या भीतीमुळे ते इतिहासात राहिले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. या सुलतानाचे नाव फरिश्तांनी महमूदशाह असे दिले आहे. त्याची नाणी आणि शिलालेख मुहम्मद म्हणतात, आणि नाण्यापुढे ग्रंथकाराला माघार घ्यावी लागते. फरिश्ता हे सर्व दोनशे वर्षांनंतर लिहीत होते. आख्यायिका आणि वृत्तांत यांची सरमिसळ त्यांच्याकडून झाली आहे, हे इतिहाससंशोधकांनी अनेक ठिकाणी दाखवून दिले आहे. राजवंशांच्या उगमाच्या कथा त्यांच्या ग्रंथातून घेताना फार जपावे. अवर्षणाच्या नोंदींबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. राजाचे पूर्वज कोण होते हे रंगवून सांगण्यात लाभ असतो. विहिरी आटल्या हे खोटे सांगण्यात दरबारी लेखकाला कोणता लाभ?

दुसरी नोंद अहमदशाह बहमनीची. तो १४२२ मध्ये गादीवर आला, आणि त्याच्या राज्याच्या आरंभीच पाऊस दडी मारून बसला. दख्खनभर दुष्काळ पसरला. पाण्यावाचून होरपळलेल्या माळरानांवर जनावरे मेली. सुलतानाने सैन्याचे वेतन वाढवले आणि सरकारी कोठारे गरिबांसाठी उघडली. दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही. तेव्हा लोकांत कुजबुज सुरू झाली, आणि नंतर उघड असंतोष : हे राज्यच अपशकुनी आहे, सुलतानाच्या वर्तनावर अल्लाह नाराज आहे. अहमदशाहाने आपल्या भावानंतर ज्या घाईने गादी मिळवली होती, ते पाहता या बोलण्याला धार होती. फरिश्तांनी हे लोकांचे बोलणे गाळले नाही.

पुढची हकिकत प्रसिद्ध आहे. सुलतान अत्यंत व्यथित होऊन शहराबाहेर उंचवट्यावर गेला, नमाज अदा केली, कपाळ जमिनीला टेकवून रडत दुआ मागितली. ढग आले, पाऊस कोसळला, भिजलेले लोक आनंदाने त्याला वली म्हणू लागले, आणि त्या दिवसापासून तो अहमदशाह वली झाला. बीदरजवळ अष्टूर येथे त्याचा मकबरा आहे, आणि तिथे मुसलमानांइतकेच लिंगायत भाविकही येतात.

आपल्या वाचकांना नमाजे इस्तिस्का परिचित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अवर्षणात लोकांसह मोकळ्या मैदानात जाऊन दोन रकात नमाज अदा केली, अंगावरची चादर उलटी पांघरली आणि पावसासाठी दुआ केली. साधे कपडे, नम्र चाल, पश्चात्ताप आणि दानधर्म हे तिचे शिष्टाचार. हदीसग्रंथांत आणखी एक प्रसंग आहे, आणि कोकणात राहणाऱ्याने तो अवश्य ध्यानात ठेवावा. जुम्याच्या खुतब्यात एका ग्रामीण माणसाने उठून जनावरे मरत असल्याची तक्रार केली, प्रेषितांनी (स.) हात उचलले, आणि पाऊस सुरू झाला तो आठवडाभर थांबेना. पुढच्या जुम्याला पुन्हा कोणी उठून घरे पडत असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) पाऊस आमच्यावर नको, आमच्या सभोवती, टेकड्यांवर आणि दऱ्यांत, झाडेझुडपे उगवतात तिथे पडो, अशी दुआ केली. अवर्षण आणि अतिवृष्टी यांची तक्रार एकाच मिंबरासमोर, आठ दिवसांच्या अंतराने आली. हदीस सांगणाऱ्यांनी दोन्ही नोंदी जपल्या.

अहमदशाहाच्या कथेत लोकांना चमत्कार आठवतो. फरिश्तांच्या पानावर मात्र क्रम पाहण्यासारखा आहे : आधी कोठारे उघडली, मग दुआ झाली. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील १८ हिजरी, अर्थात इ.स. ६३९ च्या सुमाराचे रमादा वर्ष, ज्याला राखेचे वर्ष म्हणतात, त्याच क्रमाने गेले होते. अरबस्तानात वारा धुळीऐवजी राख उडवतो आहे असे वाटावे अशी जमीन झाली. उमर (रजि.) यांनी लोकांना मिळेपर्यंत तूप आणि मांस स्वतः वर्ज्य केले, शाम आणि मिसरच्या सुभेदारांकडून धान्याचे काफिले मागवले, भुकेने केलेल्या चोरीची शिक्षा स्थगित ठेवली, आणि हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे करून इस्तिस्काची दुआही केली. पुढे मिसरचे धान्य मदीनेला सुलभ पोहोचावे म्हणून नाईलपासून तांबड्या समुद्रापर्यंतचा जुना कालवा पुन्हा खोदण्यात आला.

तिसरी नोंद सर्वांत छोटी आणि सर्वांत भेदक. तिसरा मुहम्मदशाह बहमनी १४७२-७३ च्या सुमारास बेळगावची मोहीम आटोपून विजापूरला आला. बरोबर वजीर महमूद गावान होता, ज्याचा मदरसा बीदरला आजही उभा आहे. सुलतानाला विजापूर आवडले, पावसाळा तिथेच घालवण्याचा बेत होता. पण पाऊसच आला नाही. विजापूरच्या विहिरी आटल्या, आणि सुलतानाला राजधानीकडे परतावे लागले. या दुष्काळाला विजापूरचाच दुष्काळ म्हणून नाव पडले. तेलंगण, मराठी मुलूख आणि बहमनी राज्याच्या इतर भागांत सलग दोन वर्षे पेरणी झाली नाही. तिसऱ्या वर्षी अल्लाहच्या कृपेने पाऊस पडला, तेव्हा जमीन कसायला शेतकरीच फारसे उरले नव्हते.

किती माणसे मेली, किती गुजरातेकडे गेली, याचा आकडा नाही. तरीही पाऊस आला आणि पेरणारा नव्हता, एवढे वाचून त्या दोन वर्षांचे माप कळते. रौदाच्या स्तंभावरील खूण पाणी किती होते ते सांगते. फरिश्तांची ही ओळ पाण्याने मागे काय ठेवले ते सांगते. मला विचाराल तर इतिहासकार म्हणून त्यांचे श्रेष्ठत्व लढायांच्या लांबलचक वर्णनांपेक्षा या चार ओळींत अधिक आहे. मोहिमेचे यश, वजिराची कर्तबगारी, गोव्याचा विजय हे सारे त्याच प्रकरणात मांडले आहे, आणि मध्येच रिकाम्या शेताचे हे चित्र.

या नोंदी वापरताना एक अडचण येते, ती कालगणनेची. हिजरी वर्ष चांद्र आहे, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ते ऋतूंतून फिरत राहते. ८७७ हिजरी १४७२ च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर सुरू झाले. ९०० हिजरी मात्र १४९४ च्या ऑक्टोबरमध्ये. रोजे आणि हज यांच्या दृष्टीने यातच हिकमत आहे, कारण इबादतीचा भार कोणत्याही देशावर कायम उन्हाळ्यात किंवा कायम थंडीत पडत नाही. शेतसाऱ्याच्या हिशोबाला मात्र ऋतूशी बांधलेले वर्ष लागते. दख्खनने यावर सुरेख तोड काढली, ती शुहूर सनाची. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे वर्ष, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. आणि वर्षांचे आकडे अरबी शब्दांत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळात सुरू झालेला हा सन पुढे मराठेशाहीच्या आणि पेशवाईच्या दप्तरांतही चालू राहिला. या सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. पावसाच्या पहिल्या नक्षत्रापासून वर्ष मोजणे आणि ते अरबीत लिहिणे, हे मराठी मुलुखाच्या संमिश्र घडणीचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आहे. फरिश्तांच्या हिजरी तारखा आणि दप्तरांतील शुहूर सन एकमेकांशेजारी ठेवले की कोणता दुष्काळ कोणत्या पेरणीवर आला हे लागते.

फरिश्ता यांचे पुढील आयुष्य लेखन आणि राजकीय कामगिऱ्यांत गेले. १६०४ मध्ये विजापूरच्या शाहजादीचा विवाह अकबराचा पुत्र दानियाल याच्याशी पैठणजवळ गोदावरीकाठी झाला. तिच्या लवाजम्यात फरिश्ता होते आणि पुढे बुऱ्हाणपूरपर्यंत गेले. अकबराच्या मृत्यूनंतर जहांगीरकडे गेलेल्या शिष्टमंडळातून त्यांनी लाहोर पाहिले. वैद्यकावरही त्यांचा एक ग्रंथ आहे, इख्तियाराते कासिमी, त्यात हिंदुस्थानी वैद्यांच्या औषधपद्धतीची माहिती फारसी वाचकांसाठी मांडली आहे. परक्या देशातून आलेला माणूस इथल्या वनस्पती, इथल्या ऋतू आणि इथल्या व्याधी किती बारकाईने पाहत होता, हे त्यावरून दिसते.

त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत, १६३० मध्ये, दख्खन आणि गुजरातेवर त्याहूनही भीषण दुष्काळ कोसळला. त्याची हकिकत शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहिली. दहा हजार बैल ज्या गुजरातेकडे धान्यासाठी गेले होते, तो गुजरातच या वेळी उपाशी होता.

तारीखे फरिश्ताचा इंग्रजी अनुवाद जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची नोकरी खानदेशात आणि साताऱ्यात झाली होती. त्यानेच मूळ फारसी ग्रंथ १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर छापून काढला. तोवर हाताने नकलून घ्यावा लागणारा ग्रंथ आपल्या घाटाखालच्या मुलुखात छापील रूपात मिळू लागला. कोकणातील ज्या जुन्या मुस्लिम घरांत फारसी शिकवली जाई, त्यांच्या कपाटांत अशा शिळाछापाच्या पोथ्या आजही असू शकतात. पावसाळ्यात त्यांना वाळवी आणि ओल लागते. कपाट उघडून पाहावे, पोथी असेल तर कोरड्या जागी ठेवावी, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्या कोऱ्या पानांवर कुठल्या पुराची, कुठल्या वर्षीच्या पावसाची नोंद केली आहे का, तेही पाहावे.